रिकाम्या जागा पुसणारी

"सही करणार नाही म्हणजे काय?" साहेबांनी कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"म्हणजे करणार नाही. चूक माझी नाही."

रक्ततपासणीच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. रुग्णाची नोंद साठवताना संगणक मध्येच दोन-तीन जागा मोकळ्या सोडतो, नुसती मांडणी नीट बसावी म्हणून. त्या मोकळ्या म्हणायच्या, पण तिथे आधीच्या कामातलं काहीबाही पडून असतं. म्हणून नोंद भरण्याआधी ती सगळी जागा शून्यांनी पुसून घ्यायची. त्यावरून ऑफिसात तिला पोतेरेबाई म्हणत. तीही हसायची.

गेल्या वर्षी साहेबांनी पुसण्याची ती ओळ काढायला लावली. यंत्र म्हणे हळू चालतं! तिने तीनदा लेखी कळवलं. "बाई, उगाच फाटे फोडू नका," एवढंच उत्तर आलं.

मग एका बस ड्रायव्हरचा अहवाल छापला गेला. त्याच्या नोंदीतल्या तीन मोकळ्या जागांत आधीच्या रुग्णाची तीन अक्षरं तशीच राहिली होती: एच, आय, व्ही. छापताना यंत्र अख्खी नोंद जशीच्या तशी उतरवतं, म्हणून ती ड्रायव्हरच्या नावाखाली उमटली. त्याला कामावरून घरी बसवलं, बायको माहेरी निघून गेली. बिचाऱ्याने दुसरीकडून तपासणी करून आणली, ती स्वच्छ निघाली. पण मग पहिल्या कागदावर ते आलं कुठून, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?

आणि हे महाशय पुढे करत होते तो कागद म्हणत होता, 'प्रोग्रामरच्या निष्काळजीपणामुळे'. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज नाही वाटत? त्या माणसाला तरी कळवलंत का, हे कसं झालं ते?"

"वकील म्हणालेत, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. काढलंत तर नोकरी गेली म्हणून समजा."

"समजले."

अहवालावर पत्ता होता. ती तडक तिथे गेली. दाढी वाढलेल्या माणसाने दार अर्धंच उघडलं.

"त्या यंत्राचा प्रोग्राम मी लिहिलाय. तुमच्या कागदावर दुसऱ्याचा आजार छापला गेला. कसा, ते सांगायला आलेय."

दारातच उभं राहून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, हेच माझ्या बायकोला सांगाल? माझं ती ऐकत नाही."

त्याने फोन लावून तिच्या हातात दिला, आणि पलीकडून आवाज येण्याआधीच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.