दोनशे चौदा बायांचं बोलणं

सेलूच्या बसस्टँडमागे मेघाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका सकाळी सुलोचनाताई मेश्राम ऑटोतून जुना कॉम्प्युटर घेऊन तिथे उतरल्या. वीस वर्षं त्यांनी महिलांसाठी सल्ला केंद्र चालवलं होतं. बाया येऊन मन मोकळं करायच्या आणि ताई ते टाइप करून ठेवायच्या. आता केंद्र बंद झालं होतं. कॉम्प्युटर शाळेला द्यायचा होता.

"सगळं डिलीट केलं मी," ताई म्हणाल्या. "शाळेत चालन का, तेवढं पाहून दे."

"ताई, डिलीट केल्यानं पुसल्या जात नाई. नुसतं दिसेनासं होते, मजकूर तिथंच राह्यते. थांबा, दाखवतो."

मेघाने हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावला. पडद्यावर नावं उमटू लागली. एकाखाली एक, गावासकट, सालासकट. शेवटी आकडा आला, दोनशे चौदा.

ताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "बापा! यातल्या काही बाया तं आता जित्या बी नाईत."

मेघाचं बोट माउसवर थांबलं होतं. 'जया नत्थूजी, केळझर, २००९.' ती तिची आई होती. त्या उन्हाळ्यात आई तिला घेऊन दोन महिने मामाकडे राहिली होती. का, ते मेघाला कधीच कळलं नव्हतं.

"ताई, हे माही आई हाये."

ताईंनी नाव वाचलं, मग मेघाकडे पाहिलं. "मी काही सांगू शकत नाई, पोरी. आईलेच विचार."

मेघाने फोन लावला. सगळं ऐकून आईने आधी एवढंच विचारलं.

"तू वाचलं का?"

"नाई."

"नको वाचू. तवा कोणाले तरी सांगाच लागत होतं, म्हणून त्याइले सांगतलं. तेवढ्यावरच मी उभी राह्यलो. आता पुसून टाक." आणि जरा थांबून, "ताई बऱ्या हायेत नं?"

मेघाने पेनड्राइव्हवरून पुसण्याचा प्रोग्राम सुरू केला. डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक जागी शून्य लिहिलं जाणार होतं. दोन तास लागले. ताई उठल्या नाहीत. चहा आला, निवून गेला. डिस्क बारीक घरघरत होती आणि टक्के एकेक करून वाढत होते.

शंभर झाले. मेघाने पुन्हा शोध घेतला. एकही नाव आलं नाही. मग तिने थेट डिस्क उघडून दाखवली. पडदाभर शून्यं होती. तिने खाली सरकवलं, आणखी खाली, मधूनच डिस्कच्या भलत्याच भागात उडी मारली. सगळीकडे शून्यंच.

ताईंनी चष्मा काढला, पुसून पुन्हा लावला. "इतक्या बायांचं रडणं होतं याच्यात," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता कोणी म्हणजे कोणीच नाई काढू शकत?"

"कोणीच नाई, ताई."

दोघी त्या शून्यांकडे पाहत राहिल्या. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, पण मेघाला त्याला 'या' म्हणायचंही सुचलं नाही.