लंबूच्या नावापुढचा हिरवा ठिपका

“म्हणजे नेमकं कुठं भोक पडलंय?” साहेबांनी छताकडे बघत विचारलं. पाणीपुरवठा कार्यालयात भोक म्हटलं की साहेब आधी छत बघत आणि मग प्लंबरला फोन लावत. आज दोन्हींचा उपयोग नव्हता.

“कुलपात, सर,” मुख्यालयातून आलेली कॉम्प्युटरवाली म्हणाली. “आपली माहिती मधल्यामध्ये कुणी वाचू नये म्हणून लावतात ना, त्या कुलपात. बँका, दवाखाने, आपण, सगळे तेच वापरतात.”

“सगळ्या जगाला एकच कुलूप?” तक्रार विभागाचे कारकून म्हणाले. “मग किल्ली कुणाकडे?”

“तसं नाही हो, काका.” तिनं खुर्ची पुढे ओढली. “समजा, मी त्या कुलपाला म्हणाले, जागं आहेस ना? मग ‘पाणी’ हा शब्द परत म्हण, शंभर अक्षरांचा आहे. त्यानं अक्षरं मोजायला हवीत. ते मोजत नाही. ‘पाणी’ म्हणतं आणि शंभर भरेपर्यंत शेजारी जे पडलं असेल ते सांगत सुटतं. कुणाचं पत्र, कुणाचा पासवर्ड.”

साहेबांनी मान डोलावली, म्हणजे त्यांना काहीही कळलं नव्हतं. कारकुनांना मात्र वाटलं, ही लंबूबद्दल बोलतेय.

लंबू त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याला किती वाजले विचारावं, तर वेळ सांगून झाल्यावर घड्याळ देणारे सासरे, सासऱ्यांचे गुडघे आणि जाता जाता साहेबांची होऊ घातलेली बदली, एवढं सगळं पदरात पडायचं. विचारणारा निघून गेला तरी उत्तर चालूच. त्याचा पासवर्ड तर अख्ख्या ऑफिसला पाठ होता. लंबू जाऊन वर्ष झालं. फंडाची फाइल मिटली, शोकसभेत साहेबांनी त्याचं नावही चुकवलं. फक्त कॉम्प्युटरला कुणी कळवलं नव्हतं.

“भोक कालच बुजवलंय. आता एकेकानं या,” कॉम्प्युटरवाली म्हणाली. “पासवर्ड बदलायचा. आणि स्वतः यायचं हं, दुसऱ्याच्या वतीनं चालणार नाही.”

कारकुनांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं आणि रांगेत मागे मागे सरकत राहिले.

शेवटी तेच उरले, तेव्हा तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “अजून एक जण राहिलेत. सकाळपासून आत आहेत, हा काय हिरवा ठिपका. रोज सगळ्यांच्या आधी येतात की हे! कुठं आहेत?”

टायपिस्ट बाईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे.

“ते वारले,” बाई म्हणाल्या. “मागच्या वर्षी.”

“मग रोज सकाळी येतं कोण?”

साहेबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली.

“मी चालू करतो,” कारकून म्हणाले.

“का?”

असं कुणी विचारेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. “तो इथंच, हाताच्या अंतरावर बसायचा आणि कॉम्प्युटरवर लिहून पाठवायचा, ‘आलास का?’ मी तोंडानं म्हणायचो, आलो बाबा. तो गेल्यावर ठिपका दिसेना. कामात लक्षच लागेना. पासवर्ड ठाऊक होताच. मी त्यात काही करत नाही हो. नुसतं चालू ठेवतो.”

“बंद करावं लागेल, काका.”

“भोक बुजलं म्हणालात ना?”

“बुजलं. पण तोवर त्यातून काय काय बाहेर गेलं, कुणालाच सांगता येत नाही.”

“लंबूचंही तसंच होतं,” कारकून म्हणाले.

हसावं की नाही, हे तिला कळेना. ती बाजूला झाली. “तुम्हीच बाहेर पडा त्यातून. मग मी खातं काढून टाकते.”

ते लंबूच्या खुर्चीत बसले. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. लंबूनं उंच करून ठेवलेली खुर्ची कुणी खाली केली नव्हती. पडद्यानं विचारलं, ‘तुम्हाला नक्की बाहेर पडायचं आहे?’ प्रश्न लंबूला होता. त्याच्या वतीनं काय सांगावं हे न कळून कारकुनांनी एकदा मागे वळून पाहिलं. मग ‘हो’ दाबलं. ठिपका राखाडी झाला.

“आता तुमचा,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “नवा पासवर्ड. कुणालाच सांगितलं नसेल असं काहीतरी टाका.”

ते आपल्या टेबलाशी आले. रिकाम्या चौकटीत एक उभी रेघ उघडझाप करत होती. कुणालाच सांगितलं नसेल असं. मुलाचं परीक्षेतलं प्रकरण लंबूला सांगितलं होतं. छातीतली कळही. बायकोला न सांगितलेल्या गोष्टीसुद्धा. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. लंबूला न सांगितलेली एकच गोष्ट निघाली, आणि ती आता खोलीतल्या सगळ्यांना माहीत झाली होती.

“होईल, काका. सावकाश,” ती म्हणाली.

“हो,” कारकून म्हणाले. हात लांब करून त्यांनी शेजारची उंच खुर्ची टेबलाखाली सरकवली. ती आत जाईना.