अकराशे वीस

"काय काटेवाले, आज पण पाणसळ बघणार?" कालिंदी सिस्टरने विचारले.

दीपक काट्यापाशी वाकला. वजनकाट्याच्या कोपऱ्यातला बुडबुडा बरोबर मध्यावर होता. रे रोडच्या वखारींतले, वाण्यांच्या दुकानांतले काटे दुरुस्त करण्यात त्याची सतरा वर्षे गेली होती. काटा चुकीचा निघावा असे त्याला या आठवड्यात पहिल्यांदा वाटत होते.

सिस्टरने नळ्या अलगद उचलून धरल्या आणि त्याच्या मुलीला काट्यावर ठेवले. नऊशे तीस ग्रॅम. काल नऊशे पंचावन्न होती.

मुलगी आठ दिवसांपूर्वी, अकरा आठवडे आधीच आली, लालबागच्या एका लहान प्रसूतिगृहात. त्याच संध्याकाळी तिला परळच्या या मोठ्या इस्पितळात हलवले. त्याच्या बायकोने, प्राचीने, तिला धड पाहिलेही नव्हते. पोटावर टाके घेऊन प्राची चौथ्या दिवशी नायगावच्या खोलीवर आली, तेव्हा दीपकच्या आईने, सुभद्राने, सांगून टाकले, "दहा दिस सुवेर. बाळंतीण भायर पडणा नाय."

मग दीपकला मोरीपाशी ओढून ती हळूच म्हणाली, "आणि तिका वायट कायव सांगू नको. दूद आटता."

दुसऱ्याच दिवशी मुलीचे पोट फुगले. डॉक्टरांनी दूध बंद करून तिला सलाईनवर ठेवले. दीपकने घरी सांगितले, पितेय, वाढतेय. वजनात त्याने वीस ग्रॅम घातले. दुसऱ्या दिवशी आणखी तीस. खरे वाटावे म्हणून एखाद्या दिवशी तो मुद्दाम कमी वाढवायचा. प्राची ऐकून हसायची आणि पुढची बाटली भरायला बसायची. दूध भरपूर येत होते. बर्फाच्या डब्यातून तो सकाळ-संध्याकाळ बाटल्या इस्पितळात पोचवत होता. काल त्याचा आकडा अकराशे वीसवर गेला होता.

डॉक्टर मृणालिनी आल्या. त्यांनी मुलीच्या पोटावर दोन बोटे टेकवली. पोट काळेनिळे पडले होते.

"आई कुठेय हिची?"

"घरी आहे."

"घेऊन या. उद्या नको, आत्ता. छातीशी देऊ तिच्या."

"त्याने बरं होईल?"

डॉक्टरांनी मुलीची टोपी सारखी केली. "बाळाला बरं वाटेल," त्या म्हणाल्या.

दीपकने खोलीवर येऊन निरोप सांगितला तेव्हा प्राचीचा चेहरा उजळला. "खरंच? अंगावर देणार?"

"हो." चार दिवसांत तो पहिल्यांदा खरे बोलला होता.

"उद्या दहावो दिस," सुभद्रा म्हणाली. "एक दिस थांबाक काय झाला?"

"आज, आये."

सुभद्राने त्याच्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. ती दारातून बाजूला झाली.

प्राचीने वेणी घातली, ताजी भरलेली बाटली पिशवीत ठेवली. टॅक्सीत तिचे बोलणे थांबतच नव्हते. "अकराशे वीस म्हणजे भारीच की रे. पंधराशे झालं की घरी सोडतात म्हणे. बोल ना, तोंड शिवलंयस का?"

"सिग्नल बघतोय."

"टॅक्सी तू चालवतोयस?"

तो हसला नाही. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

इस्पितळात कोपरापर्यंत हात धुऊन, हिरवा झगा घालून ती आत आली. कालिंदी सिस्टरने तिच्याकडून बाटली घेऊन फ्रीजर उघडला. "वरच्या खणात ठेवते हं. खाली जागाच नाही आता."

प्राचीने डोकावून पाहिले. रांगेने बाटल्या होत्या. प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात तारीख आणि वेळ.

"सिस्टर, ही पीत नाही?"

सिस्टरने दीपककडे पाहिले. "चार दिवस दूध बंद आहे, ताई. तुम्हाला सांगितलं नाही?"

"वजन किती आहे?"

"नऊशे तीस."

ती ओरडेल असे दीपकला वाटले होते. ती अगदी हळू बोलली. "वाढतेय म्हणालास म्हणून मी घरी बसले. नाहीतर आईंचं ऐकलं असतं का मी? टाके धरून चालत आले असते रे."

"तुझं दूध आटेल म्हणून..."

"दूध!" ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसली.

सिस्टरने मुलीला नळ्यांसकट तिच्या छातीवर ठेवले. प्राचीच्या दोन तळहातांखाली ती सगळी झाकली गेली. बराच वेळ प्राची नुसती तिचा श्वास ऐकत होती. मग बोलू लागली.

"हे बघ, आपली खोली एकच आहे. पाणी पहाटे येतं, तासभरच. आजी तुझी कडक आहे, पण तिची बांगड्याची आमटी खाशील तर बघ. बिल्डिंग पाडणारेत. नवीन घर देतो म्हणतात, कधी ते कुणालाच ठाऊक नाही. हा मागे उभा आहे ना, तो तुझा बाप. खोटं बोलतो. घोरतो पण."

यंत्र वाजू लागले. डॉक्टर मृणालिनींनी हात लांबवून त्याचा आवाज बंद केला. पडद्यावरचे आकडे उतरत होते. दीपकने खुर्चीच्या पाठीला धरले.

प्राचीने पडद्याकडे पाहिले नाही. तिने मान खिडकीकडे वळवली.

"समोर गच्ची आहे," ती मुलीला सांगू लागली. "एक बाई चादरी वाळत घालतेय. पांढरी घातली. आता निळी घेतेय."