सकाळचं राहिलेलं

चहाच्या कपात पायाची नखं होती. भीमराज ओव्हाळला आधी ती बडीशेप वाटली. कप खिडकीपाशी नेऊन पाहिल्यावर खात्री पटली. त्याने तो साफसफाईच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि बोटं पँटला पुसली. पुसली तरी काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं.

पलंगावर पाय पसरून बसलेल्या बाई मोबाइलमधून मान वर करत नव्हत्या. पांढऱ्या चादरीवर चिवड्याच्या तेलाचे डाग पडले होते. तोंड पुसायच्या छोट्या टॉवेलने कुणीतरी बूट पुसले होते. बाथरूममध्ये तर त्याला क्षणभर दारातच थांबावं लागलं. बेसिनमध्ये तंबाखूची पिंक होती, रात्रीची, वाळून काळी झालेली. शेजारी दात घासायचा ब्रश निवांत पडलेला.

चाकणच्या या हॉटेलात एरवी कंपन्यांची माणसं उतरतात. सकाळी प्लांटवर जातात, रात्री येऊन झोपतात. फिरायला आलेलं कुटुंब क्वचित. हे अमरावतीचं कुटुंब परवा आलं होतं. आई, वडील आणि लग्नाच्या वयाचा मुलगा. काल भीमराजची सुट्टी होती. आज ही रूम त्याच्याकडे आली.

"किती द्यायचे असतात यांना?" खुर्चीत बसलेल्या वडिलांनी विचारलं. भीमराज दोन हातांच्या अंतरावर उभा होता, पण प्रश्न त्याच्याबद्दल होता, त्याला नव्हता.

"द्या ना दोनशे. उद्यापर्यंत राहायचंय," बाई म्हणाल्या.

"आधी दिले की हे लोक काम करत नाहीत. आणि द्यायचे कशाला? पगार घेतात ना?"

"बाबा, द्यायचे नसतात, दाखवायचे असतात," मुलगा म्हणाला. त्याने पाकिटातून दोनशेची नोट काढली आणि टीव्हीच्या रिमोटखाली, अर्धी बाहेर दिसेल अशी सरकवली. "काका, रूम एकदम चकाचक पाहिजे. हे तुमचंच आहे."

"येस सर," भीमराज म्हणाला.

नोटेसाठी नाही, पण बेसिन तसं सोडवत नव्हतं म्हणून त्याने ते घासून काढलं. बाहेर वडिलांचा फोन वाजला.

"हां, आबाजी, बोला. काल जुन्नरची लेणी केली. उद्या कार्ल्याला जातो. आज संध्याकाळी सहाला ना, रहाटणीला? मुलीचं नाव काय म्हणालात? करिष्मा. हो, हो. येतो आम्ही."

भीमराजच्या हातातला ब्रश थांबला. आबाजी म्हणजे त्याच्या बायकोचा, सुमनचा, मामेभाऊ. रहाटणीतली करिष्मा म्हणजे भीमराजची मुलगी. आज संध्याकाळी तिला बघायला अमरावतीचे गजभिये येणार होते. मुलगा बुद्धरत्न, बँकेत अधिकारी.

तो बाहेर आला तेव्हा बुद्धरत्न आरशापुढे उभा होता. त्याने आरशाच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, बोट निरखलं. "इथं डाग राहिलाय काका." मग रिमोटखालची नोट ओढून पाकिटात ठेवली. "उद्या बघू."

वडील खो खो हसले.

"थँक यू सर," भीमराज म्हणाला आणि ट्रॉली ढकलत बाहेर पडला.

जिन्याखाली जाऊन त्याने आबाजीला फोन लावला. सगळं सांगितलं, फक्त नखांचं सांगायला जीभ वळली नाही.

"अरे राव, हॉटेलात सगळेच तसे वागतात," आबाजी म्हणाला. "पैसे भरलेले असतात ना. त्यावरनं माणूस ठरवतो का कुणी? आणि मी त्यांना सांगितलंय तू हॉटेल लाइनला हायेस म्हणून. बास. तू तोंड उघडू नको. मागची दोन स्थळं कशापायी गेली, माहीत हाय ना?"

माहीत होतं. भोसरीतल्या कारखान्याची प्रेस शॉप बंद पडली तेव्हा भीमराजला जे मिळालं ते त्याने धरलं होतं. लोकांच्या बाथरूम धुतो, हे पहिल्या दोन्ही स्थळांना बाहेरून कळलं. करिष्मा वाकडला एका आयटी कंपनीत होती. बापाहून जास्त कमवत होती. तरी लोक बापाचं काम विचारत होते.

तो गप्प बसायचं ठरवून घरी आला. सुमनने विचारलं, "असं तोंड का केलंय? बरं न्हाई का?"

"काही न्हाई. ऊन लागलं."

त्याने साबण लावून दोनदा आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला.

पाहुणे वेळेवर आले. दारातच गजभियेंनी दोन्ही हात जोडून "जयभीम" केला आणि भीमराजच्या डोळ्यांत बघून हसले. ओळखल्याची खूण कुठेच नव्हती. सकाळी त्याचा चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. भीमराजला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडून गजभिये सोफ्यावर बसले. "आपला समाज कुठल्या कुठे गेला बघा. पण मी मुलाला एकच सांगतो, माणसाला किंमत द्यायची. छोटा असो, मोठा असो." मग आबाजीकडे वळून, "हे हॉटेल लाइनला, म्हणालात. मॅनेजमेंटला का?"

"मोठं हॉटेल हाय साहेब," आबाजी घाईने म्हणाला. "चाकणला."

"चाकणला? आम्ही पण तिथेच उतरलोय!"

सुमनने आतून पाण्याचा ट्रे पुढे केला. भीमराजने तो घेतला, वाकून एकेक ग्लास टीपॉयवर ठेवला आणि ट्रे छातीशी धरून दोन पावलं मागे सरला. बुद्धरत्न त्याच्याकडे बघत राहिला.

"काका, तुम्ही... सकाळी आमच्या रूमला तुम्हीच होता ना?"

बाईंनी ओठांपाशी नेलेला ग्लास खाली ठेवला.

"अहो, मग सांगायचं ना सकाळीच!" गजभिये हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "काय तुम्ही पण!"

बुद्धरत्नचा चेहरा लाल झाला होता. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने पाकीट काढलं. पाचशेची नोट बाहेर आली. तो अर्धवट उठला आणि ती भीमराजपुढे धरली. "सकाळचं राहिलं होतं काका."

आणि भीमराजचा हात पुढे गेला. डावा हात उजव्या कोपराला लागला, मान किंचित झुकली, आणि तोंडातून आलं, "थँक यू सर."

पोह्यांच्या बश्या घेऊन करिष्मा दारात उभी होती. बापाचा हा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. तो आवाज घरात कधी आलाच नव्हता. हॉटेलच्या गेटच्या आतच राहायचा. तिने बापाकडे असं पाहिलं, की जणू सोफ्याशेजारी कुणी अनोळखी माणूस उभा आहे.

भीमराजने नोट धरलेल्या हाताकडे पाहिलं. सकाळची बेसिनमधली घाण दुसऱ्याची होती, धुता तरी आली. हा हात त्याचा होता.

त्याने नोट बुद्धरत्नच्या मांडीवर ठेवली.

"मी आता ड्युटीवर न्हाई."

"अहो, राग कशाला?" बाई म्हणाल्या. "दोनशेचे पाचशे दिलेत त्याने."

आबाजी डोळ्यांनी खुणावत होता. करिष्माने बश्या टीपॉयवर ठेवल्या. "सकाळी काय झालं होतं?"

"काही नाही, गंमत होती ती," बुद्धरत्न म्हणाला.

"पप्पा?"

"नोट दाखवून काम करून घेतलं," भीमराज म्हणाला. "झाल्यावर खिशात घातली. अन् हसले."

करिष्मा बुद्धरत्नकडे वळली. "मग आता हसा ना."

कुणी हसलं नाही. गजभिये उठले, म्हणाले की उद्या लवकर निघायचंय. दारात त्यांचा जयभीम करायला हात वर झाला आणि मधेच खाली आला. आबाजी त्यांच्यामागे चपला शोधत जिना उतरला. जाता जाता सुमनला म्हणाला, "पोरीचं तिसरं स्थळ घालवलं ह्यानं. आता मला सांगू नका."

सुमन स्वयंपाकघरात गेली. ती रडत होती की भांडी आवरत होती, कळेना. करिष्मा साडीतच बापाशेजारी बसली.

"तुम्ही हात का पुढे केला?"

भीमराजने हात शर्टाला पुसला. ती चिडली होती, आणि फक्त पाहुण्यांवर नव्हे. मग ती म्हणाली, "तिथं काय काय करावं लागतं तुम्हाला? कधी सांगितलंच नाही."

त्याने सांगितलं. बुटांचा टॉवेल सांगितला, बेसिन सांगितलं. तिच्या तोंडून "शी" निघालं. मग त्याने नखांचं सांगितलं, तेव्हा तिने पदर तोंडावर दाबला.

"उद्या ती रूम दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा," ती पदराआडून म्हणाली.

"दुसरा पण कुणाचा तरी बापच असंल."

सकाळी यादीत ती रूम त्याच्याच नावावर होती. त्याने दारावर टकटक केली. "हाउसकीपिंग."

आतलं बोलणं थांबलं. बुद्धरत्नने दार उघडलं. भीमराजला बघताच त्याची नजर खाली गेली. बॅगा अजून उघड्या होत्या, आदल्या रात्रीच्या जेवणाचा वास कोंडला होता. पलंगाखाली हाडकं पडली होती.

"रूम करायची आहे. बाहेर थांबा," भीमराज म्हणाला. पुढचा 'सर' त्याने उच्चारला नाही.

तिघं मुकाट्याने बाहेर आले आणि अनवाणी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे राहिले. भीमराजने त्यांच्यासमोर हातमोजे चढवले, ट्रॉली आत घेतली आणि दार लावून घेतलं.