तार पुसायचं काम

आमच्या मास्तरांचं तोंड मी कधी पाहिलं नाही. व्हिडिओत नुसता आवाज आणि पडद्यावर पळणारा माउसचा बाण. दादाच्या खाटेशेजारी टेबल टाकून मी कॉम्प्युटरवर सिनेमाची चित्रं दुरुस्त करायला शिकायचे. "अगं ठमे, या माणसाला जरा श्वास घ्यायला सांग," दादा कुरकुरायचा. हेडफोन लावले तरी चिडायचा, "मलाही ऐकू दे की. नाहीतरी पडूनच आहे."

दादा स्टंटमन होता. हीरोचे कपडे घालून, पाठमोरा, तारेला लटकून उड्या मारायचा. एका शूटिंगला पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. सिनेमावाल्यांनी हात वर केले: यानं कमरेच्या पट्ट्याचा हूकच तारेला लावला नाही म्हणे! दादा आधी भांडला, मग गप्प झाला. आणि एक दिवस म्हणाला, "नसेलही लावला गं मी. आठवतच नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवायला विसरेल, पण हूक विसरणाऱ्यातला नाही तो! पण आपणच चुकलो हे त्यानं मनाशी धरलं, आणि ते त्याला आतून खात होतं.

शिकून झाल्यावर मला एका स्टुडिओत काम लागलं. पडद्यावरच्या तारा पुसायच्या. मागचं आकाश, भिंत उचलून तारेवर अशी बसवायची की कोणाला शंका येऊ नये. दादा म्हणाला, "मी लटकायचं, तू पुसायचं. घरचाच धंदा की!"

त्या दिवशी सुपरवायझरनं एक शॉट दिला. "दुपारी दिग्दर्शक बघायला येतायत. तार दिसली तर माझी नोकरी जाईल, आणि जाता जाता मी तुझीही घेऊन जाईन."

शॉट उघडला. भिंतीवर एक पाठमोरा माणूस. उडी मारायच्या आधी त्यानं डावा खांदा झटकला, आणि मी शॉट तिथेच थांबवला. सख्ख्या भावाची पाठ ओळखू येणार नाही होय?

माणूस हवेत असतानाच शॉट संपत होता. पण शॉटच्या दोन्ही टोकांना थोडी जास्तीची चित्रं येतात, सिनेमात न दिसणारी. "आधी तीही बघा, आळस करू नका," हे मास्तरांनी इतक्यांदा घोकून घेतलं होतं की दादालाही पाठ झालं होतं. मी पुढे गेले. एडिटिंगवाल्यांनी कापायचा कंटाळा केला असावा, कारण चित्रं संपेनातच. एकेक पुढे ढकलत राहिले. दादाच्या कमरेला हूक होता. लावलेला, घट्ट. त्याच्या पुढच्या चित्रात वरची तार सैल पडली, आणि मग तिचं सुटलेलं टोक खाली आलं. त्यापुढचं बघवेना. तरी बघितलं.

"गेली का तार?" सुपरवायझर मागून ओरडला.

"जातेय," मी म्हटलं. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, मशीनमधून काही बाहेर नेता येत नाही. एकदा काम हातावेगळं झालं की ही चित्रं परत कोण उघडणार?

मी तार पुसली. अगदी बेमालूम पुसली. जास्तीच्या चित्रांना मात्र हात लावला नाही.

दुपारी अंधाऱ्या खोलीत मी मोठ्या पडद्यावर शॉट लावला. "वा! तार होती असं वाटतसुद्धा नाही," दिग्दर्शक म्हणाले. तिथे थांबवायचं होतं. मी थांबवलं नाही. पडद्यावर दादा पडायला लागला.

"बंद कर ते!" सुपरवायझर दातओठ खात म्हणाला. मी चित्र मागे घेतलं, कमरेपाशी मोठं केलं. "साहेब, हा हूक बघा. लावलेला आहे. सुटली ती वरची तार. हा माझा दादा आहे, आणि खापर तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या डोक्यावर फोडलंत."

सुपरवायझर माझ्या हातातला माउस घ्यायला धावला. दिग्दर्शकांनी त्याला हातानंच अडवलं. "पुन्हा दाखवा."

पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा.

"मला तर वर तार बांधणाऱ्यांनीच तसं सांगितलं होतं..." ते पुटपुटले.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत!"

"चुकलं माझं."

"मला काय सांगताय? त्याला सांगा." मी नंबर सांगितला. त्यांनी आपल्या मोबाइलवरून फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोण?" दादाचा कंटाळलेला आवाज आला.

त्यांनी आपण कोण ते सांगितलं. घसा खाकरला. "हूक लावला होता तुम्ही. मी आत्ता या डोळ्यांनी बघितलं. तार वरून सुटली."

मग दादानं विचारलं, "आमची ठमी आहे का तिथे?"

"आहे रे."

"तू बघितलंस? नीट?"

"एकेक चित्र थांबवून बघितलं, दादा. लावला होतास."

मग फोनमधून त्याचं रडणं ऐकू आलं. माझा एवढा मोठा भाऊ हमसून हमसून रडत होता, आणि रडता रडता विचारत होता, "लावला होता ना? लावला होता ना गं मी?"