न उठलेली देवी

आमच्या उज्जूला देवी टोचायच्या राहिल्या होत्या. तान्हेपणापासून तिच्या अंगावर इसब होता आणि इसब असलेल्या मुलाला ही लस देत नाहीत. चौथ्या वर्षी तिची कातडी स्वच्छ झाली. एकावन्न सालचा फाल्गुन होता आणि कलकत्त्यात साथ सुरू झाली होती. इथे या रोगाला ऋतूचंच नाव आहे, वसंत.

मी सरकारी प्रयोगशाळेत हीच लस तपासत असे. सशाच्या पाठीवर ओरखडे काढून लस लावायची आणि फोड कसे उठतात ते पाहायचं. चांगले उठले तर बॅच बाहेर जायची.

माझे पती चारुदत्त कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. महाराष्ट्र मंडळात त्यांचं व्याख्यान होतं, माणसाचं माणूसपण बुद्धीत आहे या विषयावर. जेवताना ते मला त्यातले तुकडे ऐकवत.

"भीती, माया, राग हे जनावरालाही असतं. थांबून 'का?' विचारतो तो माणूस."

"घाबरलेला माणूसही विचारतो," मी म्हटलं.

"विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. हे घेतो मी व्याख्यानात. तुझं नाव न सांगता, बरं का!"

आम्ही दोघं हसलो. आमचं लग्न अशा बोलण्यावरच उभं होतं.

रविवारी मी प्रयोगशाळेतून कुपी आणली. उज्जूला चारुदत्तांनी मांडीवर घेतलं. मी तिचा दंड स्पिरिटने पुसला आणि थांबले.

"आता का थांबलीस?" त्यांनी विचारलं.

"ओल्या स्पिरिटने लस मरते. वाळू द्यायला हवं."

मग लस लावून मी ओरखडा काढला. उज्जू रडली, लगेच गप्पही झाली. "दंड उघडा ठेवा, पुसू नका," असं सांगून मी सुई उकळायला आत गेले.

आठवडा गेला तरी फोड आला नाही. खपली धरली आणि गळून पडली. कधीच न टोचलेल्या मुलाला फोड यायलाच हवा.

"लसच मेलेली असणार," मी त्या संध्याकाळी म्हटलं. "पण हीच बॅच मी पास केलीय. सशांना सुरेख फोड आले होते."

चारुदत्त चष्मा पुसत होते. "मग नंतर उन्हाने बिघडली असेल. डोळ्यांसमोर आहे ते नाकारून कसं चालेल? तू साहेबांना सांगायला हवंस."

दुसऱ्या दिवशी मी आमचे साहेब, डॉक्टर नंदी यांना सांगितलं.

"ही बॅच सियालदह स्टेशनची आहे," ते म्हणाले. "निर्वासित फलाटावर झोपलेत, त्यांच्यासाठी. एका दंडावरून थांबवू?"

"तो दंड मी स्वतः टोचलाय, सर."

त्यांनी बॅच थांबवली. दुसरी तयार नव्हती. सशांची पुन्हा परीक्षा होईपर्यंत सियालदहला टोचणारे नुसते बसून राहिले. त्या दिवसांत फलाटावरची दोन मुलं देवीने गेली. लस वेळेवर मिळाली असती तर ती वाचली असती, असं मी म्हणू शकत नाही. वाचली नसती, असंही म्हणू शकत नाही.

सशांना पुन्हा सुरेख फोड आले. लस उत्तम होती.

"तुमचा हात चुकला असेल, दीदी," डॉक्टर नंदी हलक्या आवाजात म्हणाले. तेव्हापासून माझ्या तपासणीवर दुसऱ्याची सही लागू लागली. मी भाजी चिरतानासुद्धा स्वतःची बोटं पाहू लागले. चारुदत्त म्हणाले, "चूक कोणाच्याही हातून होते. इतकं मनाला लावून घेऊ नकोस."

मी नवी कुपी आणली. उज्जू पुन्हा त्यांच्या मांडीवर बसली. या वेळी ती रडली नाही. लस लावून झाल्यावर मान वळवून तिने विचारलं, "बाबा, आता ते ठांडा ओषुध लावायचं? आई आत गेली की?"

"कुठलं गार औषध, उज्जू?" मी विचारलं.

"ते." तिने माझ्या स्पिरिटच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "बाबांनी लावलं ना मागे. किती गार!"

चारुदत्तांनी तिला गप्प केलं नाही. ते तिच्या केसांवरून हात फिरवू लागले.

"विनायकला टोचल्यावर हात सुजला होता," ते म्हणाले. विनायक त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी तापाने गेला, एवढंच मला माहीत होतं. "चार दिवसांत संपलं सगळं. मी शेजारी होतो, सरला."

"सुई घाणेरडी असेल. मला सांगितलं असतं तर—"

"तू कारण सांगितलं असतंस. ते मला पटलंही असतं."

"बॅचवर संशय घ्यायला तुम्ही सांगितलंत."

"हो."

"माझा हात चुकला, असं म्हणालात."

"कोणाच्याही हातून होते, असं म्हणालो."

शब्द अचूक होते. वाक्य कुठे वाकवलं की खोटं ठरत नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांची बुद्धी कुठेही गेली नव्हती. भीतीने जे काम दिलं ते तिने चोख केलं होतं, आणि त्यासाठी लागणारी माहिती मी पुरवली होती. त्यांनी 'का?' विचारलं होतं आणि मला आनंद झाला होता.

"व्याख्यान रद्द करू का?" त्यांनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा. उज्जूला इकडे द्या."

लस वाळेपर्यंत मी तिला मांडीवर घेऊन बसले. सुई उकळायची तशीच राहिली.

सोमवारी मी डॉक्टर नंदींना सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी चारुदत्तांनी मंडळात व्याख्यान दिलं. चांगलं झालं म्हणे.

त्या आठवड्यात एका सकाळी ते उज्जूला उचलून स्वयंपाकघरात आले. चेहरा खुलला होता. "उठला गं! फोड उठला! बघ तरी!"

मी हात पुसले. "खिडकीशी आणा तिला," मी म्हटलं. "उजेडात. मी बघते."