पारूबाईंना धरून ठेवणारा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. पण थांबा, लगेच हात जोडू नका! मी देवीचाही नाही आणि सोंगाचाही नाही. मला रंग नाही, डोळे नाहीत, मिशा तर नाहीतच. मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीचा आहे, आणि साऱ्या जगात मी एकाच चेहऱ्याला बरोबर बसतो. तो चेहरा पारूबाईंचा. वडवणीजवळच्या एका गावात बायकांची दूध संस्था आहे, तिच्या त्या अध्यक्ष. बोलायला लागल्या की म्हशीसुद्धा रवंथ थांबवून ऐकतात!

जन्मलो तेव्हा मी नुसता सपाट तुकडा होतो. मुंबईकडच्या एका मोठ्या रुग्णालयात मला कढत पाण्यात बुडवलं. मी पापडाच्या लाटीसारखा लिबलिबीत झालो, आणि तसाच मला पारूबाईंच्या तोंडावर ताणून बसवलं. गार झालो तसा कडक झालो. त्यांचं बसकं नाक, वर आलेली गालाची हाडं, हनुवटीवरची खळी, सगळं माझ्यात उतरलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात खट् खट् आवाज आला. मला टेबलाला जखडून टाकलं होतं, आणि माझ्या आत पारूबाई. ना मान वळवता येई, ना तोंड उघडता येई.

असं का, ते सांगतो. पारूबाईंच्या नाकामागे, मेंदूच्या खाली, कर्करोगाची गाठ झाली होती. एका म्हशीच्या दोन म्हशी दिसायला लागल्या, तेव्हा ती सापडली. ऑपरेशनने बरीच निघाली, पण उरलेली डोळ्याच्या नसेला चिकटून बसली. तिथे प्रोटॉन नावाच्या बारीक कणांचा शेक द्यायचा होता. डोकं जरा हललं तर शेक गाठीऐवजी नसेवर पडणार आणि डोळा जाणार. म्हणून पारूबाईंना धरून ठेवायचं, हे माझं काम.

निवृत्तीराव म्हणजे त्यांचे यजमान. ते फार बोलत नसत. पण एकदा बाहेरच्या बाकावर त्यांनी विचारलंच, "शेक तर जवळबी मिळतो. एवढ्या लांब कावून आलो आपण?"

"आवं, साधा शेक म्हंजी आपला गळका टँकर," पारूबाई म्हणाल्या. "वाटंनं सांडत येतो, अन् हिरीच्या पुढंबी सांडत जातो. ह्यो प्रोटॉनचा टँकर वाटंत कमी सांडतो, हिरीतच रिता व्हतो अन् तिथंच थांबतो."

त्या साली पाऊस झालाच नव्हता. गावाची विहीर टँकरवरच होती, त्यामुळे निवृत्तीरावांना ते लगेच पटलं.

"अन् ते पहारेकऱ्याचं काय म्हनले डॉक्टर?"

"मागच्या दुष्काळात चारा छावणीत कानातला बिल्ला बघूनच जनावर आत घ्यायचे ना? ह्या गाठीनं आपलाच बिल्ला लावलाय बघा. रक्तातल्या पहारेकऱ्यांना ती घरचीच वाटती. शेकानं तिच्या पेशी फुटल्या, की तिचं सोंग उघडं पडतं. मग पहारेकरी तिला वळखू शकत्यात."

"वळखत्यातच का पर?"

"समद्यांचे न्हाई वळखत. अजून शोध चालू हाय म्हनले. पर शेक कमी सांडला, तर पहारेकरी तरी कमी मरत्याल."

शेक सुरू झाला. यंत्र चालवायला रजनी मॅडम होत्या. त्या लखनौकडच्या, पण हौसेने मराठी शिकलेल्या. खोलीत पारूबाई एकट्याच, आणि मी त्यांच्या तोंडावर. भिंतीतल्या कर्ण्यातून मॅडमचा गोड आवाज आला, "पारूबाई, श्वास घ्या. हलू, हलू."

आणि पारूबाई हलल्या! माझ्या आत जेवढी जागा होती तेवढ्यात हनुवटी सरकवली, खांदा उचलला. यंत्र थांबलं. डोकं जागेवर आहे का ते बघायला पुन्हा फोटो काढले, पुन्हा आवाज आला, "हलू!" आणि त्या पुन्हा हलल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मला काढल्यावर त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि सांगितलं तसंच करतोय म्हणून त्यांनीही काही विचारलं नाही.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! मला सगळं कळत होतं. माझ्या जाळीतून त्यांचा गरम श्वास येत होता. "मुमु, मुमु" असं त्या काहीतरी सांगत होत्या, आणि मीच त्यांचं तोंड दाबून धरलं होतं. मलाही तोंड आहे हो, पण ते नुसतं आकाराचं!

शेवटी डॉक्टर आत आले आणि आमच्या डोक्यावर उभं राहून म्हणाले, "फार घाबरतात ह्या. असं चालणार नाही. रोज भूल देऊन शेक द्यावा लागेल." सही घ्यायला निवृत्तीरावांना बोलावलं. पारूबाई आधीच वाळून काटकी झाल्या होत्या. रोज उपाशी राहायचं, रोज भूल घ्यायची, हे त्यांना झेपणार होतं का? माझ्याखाली त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्या भोकांतून कानाकडे ओघळलं.

निवृत्तीरावांनी पेन हातात घेतला नाही. ते म्हणाले, "आधी हिला सोडवा की. मग हिलाच इचारू."

खट् खट् करून मला काढलं. पारूबाईंच्या गालांवर माझ्या जाळीचे चौकोन उमटले होते.

"अगं, म्हशीनं लाथ झाडली तरी तू जागची हलत न्हाईस," निवृत्तीराव म्हणाले. "हितं कावून हलतीस?"

"ह्या मॅडमच सांगत्यात की, हलू म्हनून! मी म्हनलं, गाठीला चारी बाजूनं शेक लागावा म्हनून हलवत असतील!"

रजनी मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मी तर धीरे म्हणत होते! हलू म्हणजे धीरे ना?"

"अगं माय, ते हळू! जीभ वर मुडपायची, हळू! हलू म्हंजी जागचं सरकणं!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, आणि मग सगळेच हसायला लागले. रजनी मॅडमनी दोन दिवस आभाळ, बाभळ, डाळ असं घोकलं. ळ काही येईना. शेवटी पारूबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, 'सावकाश' म्हना." त्या 'सावकाश'वर एकदाही भूल न देता सगळा शेक पार पडला. पारूबाई दगडासारख्या निश्चल पडून राहिल्या.

काही महिन्यांनी तपासणी झाली. गाठ आकसली होती. रक्तातले पहारेकरी जागे झाले की एकट्या शेकानेच काम केलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण पारूबाईंना म्हैस आता एकच दिसते.

मी त्यांच्याबरोबर गावी आलो. सुरुवातीला बायका मला बघायला रांग लावायच्या, संस्थेतल्या सुंदरबाईंनी तर मला कुंकूही लावलं! आता मी संस्थेच्या भिंतीवर खिळ्याला अडकलो आहे, आणि माझ्या नाकावर कुणीतरी दुधाचं ओलं फडकं वाळत घालतं. त्याचं मला वाईट वाटतं, पण माझी एक विनंती आहे, ती माझ्यासाठी नाही. मित्रांनो, आजारी माणूस गप्प पडून असला की त्याच्या डोक्यावर उभं राहून आपणच ठरवून टाकतो, घाबरला आहे, त्याला कळत नाही. तसं करू नका. त्याचं तोंड कशानं बांधलं आहे ते आधी बघा. ते सोडा, आणि मग त्यालाच विचारा.